दुपारची इफ्तारी

मैमूनाने भर दुपारी खिडकीचा जाड पडदा ओढला, दिवा लावला आणि मोबाइलवर संध्याकाळची अजान सुरू केली.

"वेळ झाली, अब्बा. रोजा सोडा."

अब्बांची साखर उतरायची. दुपारी काहीतरी खायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे मौलानांनी घरी येऊन समजावलं. अब्बांनी मान डोलावली आणि दहा मिनिटांत विसरले. हल्ली ते सगळंच विसरत. वर्षभर मैमूनाला, पोटच्या लेकीला, 'सिस्टर' म्हणत होते. रोजा तेवढा विसरत नव्हते. म्हणून रमजान लागल्यापासून तिने हे नाटक मांडलं होतं.

आज अब्बांनी खजूर उचलला, पण तोंडात घातला नाही. तिच्याकडे बघत राहिले.

"मैमू, आधी तू," ते म्हणाले. "तुझा पहिला रोजा मीच सोडवला होता."

वर्षानंतर त्यांच्या तोंडी तिचं नाव आलं होतं. खजूर धरलेला हात तिच्या ओठांशी आला. तिचा रोजा खरा होता आणि सूर्य मावळायला अजून चार तास होते.

तिने तोंड उघडलं.

अब्बांनी समाधानाने दुसरा खजूर खाल्ला. "आता दुआ माग, बाळा. या वेळी मागितलेलं अल्ला देतोच."

मैमूनाने हात पसरले. खजूर तिला गिळवेना, आणि अब्बांसमोर थुंकताही येईना.