चौबाऱ्यामागचं घर

रिक्षा तटाच्या कमानीखालून आत शिरली तेव्हा मालतीबाईंनी नकळत पदर सावरला. शेजारी बसलेली जागृती हसली.

"गावाची वेस आहे ही आई, कुणाचं सासर नाही."

मालतीबाई सरळ होऊन बसल्या. कळंबोलीला बस पकडून रात्रभर प्रवास केल्यामुळे कंबर आखडली होती.

रिक्षावाल्याला सगळंच जाणून घ्यायचं होतं. कुठून आलात? नवी मुंबई. नवी मुंबईत कुठे? बोनकोडे, कोपरखैरण्याला. बिदरला कशाला? मग त्याने आरशातून जागृतीकडे बघत स्वतःच उत्तर दिलं, मुलीचं स्थळ बघायला असणार. मालतीबाई बाहेर बघू लागल्या. स्थळच बघायला आलोय, तुम्ही समोर बघा, असं जागृतीने त्याला ऐकवलं.

निघताना शेजारच्या शेवंताबाईंनी हातावर साखर ठेवली होती. पोरीचं एकदाचं जमू दे, म्हणाल्या. जात वेगळी, मुलूख वेगळा, हे त्यांना सांगायची मालतीबाईंना हिंमत झाली नव्हती. भावकीला तर अजून कशाचाच पत्ता नव्हता.

सगळं सुरू झालं बेलापूरच्या हाटात. बिदरची काळी भांडी, त्यांत चांदीची नक्षी. स्टॉलवर वामनराव आणि त्यांचा मुलगा ऋषी. दोघी एक डबी घ्यायला म्हणून गेल्या आणि हाट उठेपर्यंत रोज जात राहिल्या. नंबर जागृतीने मागून घेतला. मग फोन सुरू झाले. घरात पुन्हा हसू ऐकू यायला लागलं. आणि एक दिवस जागृतीनेच विषय काढला. नुसतं बोलत किती दिवस राहायचं? जाऊन घर बघू. पटलं तर तिथेच हो म्हणू, नाही तर तिथेच नाही.

तर आज ते सांगायचं होतं. हो म्हटलं, तर दोघींपैकी एक इथे येणार, एक बोनकोड्यात राहणार. जागृतीचे वडील गेल्यापासून दोघी कधी वेगळ्या राहिल्या नव्हत्या.

चौबारा म्हणजे गावाच्या मधोमध उभा जुना गोल बुरूज. घर त्याच्या मागच्या गल्लीत. हातोडीची टकटक दारापर्यंत येत होती, ती थांबली. "या की, बसा," म्हणत वामनराव उठले, हात पुसले आणि गडबडीत स्वतःच आधी बसले.

ऋषीने चहा आणला, मुरमुऱ्यांची सुशीला आणली. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, स्वयंपाक बापलेकच करायचे.

"आज मीठ बाबांनी टाकलंय," तो म्हणाला. "तेव्हा जरा सांभाळून."

जागृतीने चौकशी सुरू केली. पाणी कधी येतं, दवाखाना किती लांब, जिना इतका उभा का, या घरात चिडकं कोण. मालतीबाईंना कानकोंडं झालं. पण मनातून त्या तिचे आभारच मानत होत्या. हे सगळं विचारायची धमक त्यांच्यात नव्हती. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्या मिठागरावर कामाला गेल्या होत्या. घरी आल्यावर एकदम तारीखच कळली. विचारायचं काय नि कुणाला?

वामनरावांना बहुधा बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं वाटलं. त्यांनी एक पुडी उघडली. भांडं काळं करायची माती, किल्ल्यात जिथे ऊन-पाऊस पोचत नाही अशा जुन्या भिंतींतली. चांगली कुठली ते जिभेवर ठेवूनच कळतं, असं म्हणून त्यांनी दोघींच्या तळहातांवर चिमूट चिमूट ठेवली. जागृतीने तोंड वाकडं केलं. मालतीबाईंनी सावकाश चाखली.

"खारी हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या मिठागराच्या बांधाची अशीच लागायची."

वामनराव पहिल्यांदा मोकळं हसले. नवसागर घातलेल्या उकळत्या पाण्यात त्यांनी ती माती कालवली आणि समोरच्या तबकाला चोळली. राखाडी धातू बघता बघता काळाभोर झाला. चांदीचे वेल होते तसे पांढरे राहिले. मालतीबाई बघत होत्या.

जागृतीने तळहातावरची माती झटकली.

शेवटी ती म्हणाली, "मला सगळं पटलंय. तू सांग, आई."

"मागं एकीला एकटं राहावं लागंल."

"बिदर काय लंकेत आहे? फोन आहेत, सुट्ट्या आहेत. टेन्शन नको घेऊस."

मालतीबाईंनी तिच्याकडे बघितलं. ही पोर रजा टाकून, रात्रभर बसमध्ये अवघडून इथवर आली होती. भावकीशी भांडायलाही तीच पुढे होणार होती.

"मला पसंत हाय," त्या म्हणाल्या.

ऋषीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वामनराव चष्मा काढून पुसू लागले आणि पुसतच राहिले.

घरात बाईमाणूस नाही, म्हणून ऋषी शेजारच्या वेणूबाईंना बोलावून आला. सोयरीक जुळलीय, ओटी भरायची आहे, एवढंच त्याने सांगितलं. त्या कुंकवाचा करंडा, तांदूळ, नारळ, खण असं सगळं घेऊन लगबगीने आल्या. पाट मांडला, जागृतीला बसायची खूण केली आणि कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडे नेलं.

जागृतीने ते बोट वाटेतच हलकेच धरलं.

"मावशी, नवरी मी नाही," ती म्हणाली, आणि आईच्या खांद्यांना धरून तिने तिला पाटावर बसवलं.