शेवटचा रकाना

मुलगी पसंत पडली, चहा झाला, तरी दौंडहून आलेले मुलाचे वडील उठेनात. "ख्रिस्तात समदे एकच, बन्यामीनराव. पण देवळातली बाप्तिस्म्याची जुनी वही तेवढी बघू म्हंतो."

मुलीचा बाप बन्यामीन खुंटीवरची टोपी काढायला उठला. त्या वहीत शेवटचा रकाना पूर्वीच्या जातीचा होता. गोरे मिशनरी साहेब कधीच विलायतेला गेले, पण आज्याच्या नावापुढं त्यांनी लिहिलेली शाई राहिली होती.

देवळात पाळकसाहेबांनी वही उघडली. बन्यामीन टोपी चुरगाळत राहिला. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत गायब! पुढच्या पानावरही तेच.

"हे काय वो?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"वाळवी," पाळकसाहेब म्हणाले.

"वाळवी अशी कात्रीवानी सरळ खाती व्हय?"

पाळकसाहेबांनी शांतपणे वही मिटली. "आमच्या देवळातली वाळवी आहे. तिचाही बाप्तिस्मा झालाय."