कुंकवातलं शिसं

"सर, ते ग्राफीन आहे! त्याचा थर एका अणूइतका पातळ असतो हो!"

मैथिली ओरडली, पण उशीर झाला होता. खंडेनवमीच्या पूजेत विभागप्रमुख दाभाडे सरांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांबरोबर तिच्या ग्राफीनच्या सेन्सरलाही कुंकवाचं बोट लावलं होतं. पाण्यातलं शिसं विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून ओळखणारा हा एकच सेन्सर तिला तीन वर्षांत साधला होता, आणि परवा पीएच.डी.चे परीक्षक तो बघायला येणार होते.

"अगं, देवीच्या कुंकवानं कधी काही बिघडलंय का? उलट आता चांगला चालेल," सर म्हणाले.

मैथिलीने सेन्सरवर शुद्ध पाण्याचा थेंब सोडला. पडद्यावरचा शिशाचा आकडा एकदम चढला. तिने सेन्सर हलकेच धुतला. आकडा शून्यावर आला. मग करंड्यातलं चिमूटभर कुंकू पाण्यात कालवून त्याचा थेंब सोडला, तर आकडा पुन्हा तितकाच वर गेला.

"सर, सेन्सर शाबूत आहे!" तिचे डोळे भरून आले. "शिसं कुंकवात आहे!"

"हळू बोल. कुलगुरूंच्या सौभाग्यवतींनी स्वतः पाठवलंय ते."

"मग परवा परीक्षकांना हाच प्रयोग दाखवू?"

सरांनी रुमाल ओला केला, कपाळावरचा त्याच कुंकवाचा टिळा रगडून रगडून पुसला आणि म्हणाले, "परीक्षकांना कळव, सेन्सर अजून भरवशाचा नाही."