ताटावरची प्रार्थना

विसरभोळे सासरे परवापासून हरवले होते. चर्चच्या मंडळीने उपवास धरला, पाळकांनी प्रार्थना घेतली, आम्ही फोटो सगळीकडे पाठवला. आज दुपारी परतूरच्या एका खानावळवाल्याचा फोन आला.

“ताई, फोटोतल्यावानीच दिसू राह्यले, पण नाव सांगत न्हाईत. ताट वाढलं, तर डोळे मिटून बसलेत. माझ्या स्वयंपाकावर राग हाय का काय?”

मी माझ्या लेकीला, शलोमीला हाक मारली. आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना तीच करते, आणि तिचं ‘आमेन’ झाल्याशिवाय आजोबा घास घेत नाहीत.

“दादा, फोन त्यांच्या कानाला लावा,” मी म्हणाले आणि माझा फोन शलोमीच्या तोंडापुढे धरला.

“प्रभू येशू, हे अन्न दिलंस म्हणून तुझे आभार. आमेन.”



“ताई,” खानावळवाला म्हणाला, “बाबांनी भाकरी मोडली.”