खणातला कागद

ओल्मिरोकाका आले ते सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि खाली बघत उभे राहिले. जमिनीवर पांढऱ्या फरश्या होत्या.

"लाल कुठे गेली?"

लुसियानेने बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. बाळ रांगायला लागेल, सिमेंट गार पडतं, म्हणून गेल्या वर्षी फरश्या बसवल्या, असं ती सांगत गेली. सांगताना तिचा आवाज उगाचच अपराधी झाला. घर तिनं अकरा वर्षांपूर्वी काकांकडूनच घेतलं होतं. पण बँकेचं कर्ज होतं तसंच काकांच्या नावावर राहिलं. हप्ते ती भरत आली. घर तिचं असल्याचा पुरावा म्हणजे काकांच्या सहीचा एक साधा कागद, कपाटाच्या खणात ठेवलेला. पेलोतास शहरात अर्ध्या गल्लीची घरं अशाच खणांत होती.

गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता फिटला. आता काकांनी सही केली की घर तिच्या नावावर होणार होतं. नोंदणी कचेरीतला कारकून जेवणाच्या टेबलावर जाडजूड वही उघडून बसला होता. काकांना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. पायरी चढताना ते दोनदा थांबले, हे तिनं पाहिलं होतं.

त्यांचा मुलगा एदिमार खिडकीपाशी उभा राहून भिंतीवर बोटानं टकटक करत होता.

लुसियानेने एका हातानं फ्रिज ओढला. फ्रिजच्या मागे जुन्या जमिनीची वीतभर पट्टी राहिली होती, मेण पाजलेली, गडद लाल. काका वाकू शकले नाहीत. त्यांनी बूट काढला आणि मोज्यातलं पाऊल त्या पट्टीवर ठेवलं. त्यांची बायको इरासी दर शनिवारी मेण लावायची, ते म्हणाले. दुपारभर घरात कुणाला पाऊल टाकू द्यायची नाही. मग बापलेक अंगणात बसून कलिंगड खायचे आणि बिया कुंपणापलीकडे कोण लांब थुंकतो त्याची पैज लावायचे. एदिमार नेहमी हरायचा आणि रडायचा.

एदिमार हसला नाही. तो म्हणाला, घराची किंमत आज चौपट झाली आहे. बँकेच्या दप्तरी मालक अजून पप्पाच आहेत, आणि कुठलंही कोर्ट आधी दप्तरच बघेल.

"आणि ही?" काकांनी विचारलं.

"हिच्याकडे खणातला कागद आहे ना? तो खणातच राहू दे."

लुसियाने काहीतरी बोलणार होती. अकरा वर्षं, एवढंच तिच्या तोंडून निघालं. कारकून पेनाचं टोपण काढघाल करत राहिला. बाळानं तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली, ती तिनं काढली नाही.

काकांनी पाऊल त्या पट्टीवरून उचललं नव्हतं.

"बारा वर्षं तुझ्या आईनं मला पायांखाली लोकरीची फडकी घेऊन या जमिनीवर घसरत चालवलं," ते मुलाला म्हणाले. "चकाकी जाईल म्हणून. तेव्हा तरी घर माझं होतं का रे?"

मग ते टेबलापाशी बसले. चष्मा लावून त्यांनी दस्ताची चारही पानं वाचली, ओळीवर बोट ठेवून. सहीला बराच वेळ लागला.

एदिमार गाडीकडे गेला. काकांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीला धरून तेही निघाले. दार तसंच उघडं राहिलं. लुसियाने खुर्चीत बसली, कारकून वही आवरू लागला.

थोड्या वेळानं बाहेर टाळ्या वाजल्या. दोन, मग जरा थांबून एक. परक्याच्या घरापुढे उभं राहून, आतल्यांना बोलवायला वाजवतात तशा.

ती दारात आली. फाटक सताड उघडं होतं आणि ओल्मिरोकाका फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होते.

"चष्मा राहिला गं," ते तिथूनच म्हणाले. "आत येऊ का?"