मधली फांदी

वर वानरं, खाली गवा, आणि मधल्या फांदीला मिठी मारून बागायतदार आबा परुळेकर. वानरांना हाकलायला आले होते. गवा समोर दिसताच वानरांच्याच झाडावर चढले.

वानरं एकेक हापूस चावून खाली टाकत होती आणि गवा मिटक्या मारत खात होता. यांचं टाकणं थांबलं की हा जाईल, असा हिशेब करून आबा वानरांवर खेकसले. ती पळाली.

गव्याने वर पाहिलं, जरा वाट बघितली आणि खोडाला धडक दिली. आबांनी घाईघाईने एक आंबा तोडून टाकला. गवा शांत झाला.

तेवढ्यात फोनवर बायको म्हणाली, "वांदर गेले काय ओ?"

"गेले. त्यांचा काम आता मी करतंय," आबा कुजबुजले. "कोणाक तरी धाड, आंबे संपत इले."