सोबतीला अण्णासाहेब

निषादचा कान सुजून लाल झाला होता आणि पाठीवर पट्ट्याचे वळ होते. "शाळेत कोणी मारलं?" साधना पुन्हा पुन्हा विचारत होती. दुसरीतलं पोर भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

"मी आत्ताच शाळेत जाते," ती म्हणाली.

"एकटी नको. आपण पडलो बाहेरचे," तिचा नवरा शेखर म्हणाला. हिंजवडीच्या नोकरीसाठी परभणीहून येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. हिंजवडीजवळच्या ह्या चांदे गावात गॅसपासून नळाच्या पाण्यापर्यंत काहीही अडलं, की भाडेकरू आपल्या घरमालकाला पुढे करायचे. शेखरनेही तेच केलं.

घरमालक अण्णासाहेब, निषादचे अण्णाआजोबा, लगेच पायात चपला सरकवून निघाले. "भ्यायचं न्हाई. मी हाय ना," ते म्हणाले. शाळेपर्यंत त्यांनी निषादचा हात सोडला नाही. सख्खा आजोबा तरी आणखी काय करणार, असं साधनाला वाटलं.

मारणारा सातवीतला आहे एवढंच निषादने सांगितलं, तेव्हा हेडमास्तरांनी सातवीची मुलं मैदानात उभी केली. अण्णासाहेबांचा नातू अमोघही त्यातच होता. तो आपणहून निषादसाठी पाणी घेऊन आला आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.

"दाखव बाळा, कोण त्यो," अण्णासाहेब म्हणाले.

निषादने रांगेवरून नजर फिरवली, वर अण्णासाहेबांकडे पाहिलं आणि जयसिंगकडे बोट केलं. जयसिंगचा ओठ फुटला होता, सदऱ्याची बाही उसवली होती. आता वेगळा पुरावा कशाला हवा?

"म्या न्हाई, त्यो..." जयसिंग बोलू लागला. अण्णासाहेबांनी सणसणीत कानाखाली लावली. पोराचा बाप नथू त्यांच्याच शेतावर राबत होता. पोराने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

शेखरचा जीव भांड्यात पडला. "उद्यापासनं आमचा अमोघच न्हेईल-आणंल ह्याला सायकलवर," वाटेत अण्णासाहेबांनी सांगून टाकलं. साधनाला भरून आलं. परक्या गावात एवढं कोण करतं?

संध्याकाळी ती वळांवर खोबरेल लावत बसली. "आता घाबरायचं नाही हं. अमोघदादा आहे ना."

निषादने तिची ओढणी घट्ट धरली. "त्याच्याबरोबर नको ना, आई. जयसिंग तर मला सोडवायला आला होता."

साधनाचा हात थांबला. "मग त्याच्याकडे बोट का केलंस रे?"

"बाबा अण्णाआजोबांनाच घेऊन आले होते ना."